बैल पुजले का

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास तहसीनच्या मोबाइलवर फतवा आला. ती अमरावतीत बी.एड.च्या तासाला बसली होती. पहिल्या दोन ओळी तिने बाकाखाली धरून वाचल्या आणि ते पान तसंच हिवरखेडला आईच्या मोबाइलवर पाठवून दिलं. तिची आई, जुलेखाबी, आठवडाभर रोज विचारत होत्या, उत्तर आलं का म्हणून.

शेवटची ओळ तहसीनने तास सुटल्यावर जिन्यात वाचली. अल्लाहखेरीज कुणाचीही पूजा करणं हे शिर्क आहे, करणाऱ्याने तौबा करावी, कलमा पुन्हा पढावा आणि निकाह नव्याने लावावा. तोवर नवरा-बायकोने वेगळं राहावं.

तिने फोन लावला. आईने उचलला नाही. संध्याकाळी अब्बांचा आला.

"तुही आई मधातल्या खोलीत जाऊन बसली. कडी लावून घेतली. तुनं काय धाडलं वो तिले?"

प्रश्न तहसीननेच अकोल्याला पाठवला होता, जुन्या शहरातल्या एका मदरशात, जिथे मुफ्तीसाहेब लेखी प्रश्नांना लेखी उत्तरं देतात. कारण झाला होता एक व्हिडिओ. पोळ्याच्या दिवशी गावातल्या कुणीतरी काढलेला. त्यात तिचे अब्बा, कदीरखाँ, आपली बैलजोडी घेऊन तोरणाकडे चालले होते, बैलांच्या अंगावर झुली, शिंगांना बेगड, कपाळावर कुंकू. वसतिगृहातल्या एका मुलीने तो पाहिला आणि सहज विचारलं, तुझे अब्बा बैल पूजतात का. तहसीन सहज हो म्हणाली. ती मुलगी उठून आपल्या खाटेवर जाऊन बसली, आणि त्या रात्री तहसीनला झोप लागली नाही.

हिवरखेडात पोळ्याच्या दिवशी जो तो दुसऱ्याला विचारतो, बैल पुजले का. धुतले का, रंगवले का, खाऊ घातलं का, एवढं सगळं त्या एका शब्दात येतं. कदीरखाँच्या घरातही तोच शब्द होता. प्रश्न लिहिताना बाकी सगळं तिने चांगल्या उर्दूत लिहिलं आणि त्या जागी हाताशी होता तो शब्द टाकला. आमचे वडील दर साल पोळ्याला बैल पूजतात, याचा हुकूम काय.

शनिवारी ती अकोटमार्गे घरी पोचली. आई मधल्या खोलीच्या दारात परात घेऊन बसली होती. अब्बा ओट्यावरून आत आले तशी तिने ओढणी तोंडावर घेतली.

"पाह्य," कदीरखाँ म्हणाले. "तीस वर्षं झाली लग्नाले, अन् आता माह्यापासून पर्दा."

"हुकूम आला तर आला," जुलेखाबी ओढणीतूनच म्हणाल्या. मोहल्ल्यातल्या मुलींना त्या कुराण शिकवत. "पोरी माह्यापाशी शिकाले येतात. त्यायले काय तोंड दाखवू मी?"

"तो हुकूम माह्या शब्दाचा आहे, अम्मी. मी चुकीचा शब्द लिहिला."

"मंग बरोबर लिह्य."

तहसीन वडिलांसमोर बसली. तुम्ही पोळ्याला नेमकं काय करता, तिने विचारलं. त्यांना हसू आलं.

"लहानपणापासून पाह्यत आली तू. आदल्या दिवशी खांद मळतो, तूप-हळद लावून. सकाळी नाल्यावर धुतो. शिंगं रंगवतो, झूल टाकतो, पुरणपोळी चारतो. वर्षभर राबते बिचारं जनावर. जुने मौलवीसाब होते, ते म्हणत, मुक्या जीवाले आराम देणं सवाबाचं, पुण्याचं काम आहे. त्यायनं कधी नाई रोकलं."

"अन् कुंकू? ओवाळणं?"

"ते पार्वताबाई करते. खुशालरावच्या घरची. आपल्या बैलाचं झालं की इकडे येते ताट घेऊन. मी दोर धरतो फक्त."

परातीतला हात थांबला. "औंदा पार्वताबाई कुठी होती?" जुलेखाबींनी विचारलं.

पार्वताबाई पोळ्याच्या आठवड्यात अमरावतीला होत्या, डोळ्याच्या ऑपरेशनला. हे तिघांनाही ठाऊक होतं. व्हिडिओतलं कुंकूही तिघांनी पाहिलं होतं.

"मी चुलीपाशी होती," जुलेखाबी म्हणाल्या. "पुरण आटत होतं. मले दिसलं नाई."

कदीरखाँ उठले आणि गोठ्याकडे गेले.

तहसीन शेजारी जाऊन आली. खुशालराव अंगणात फवाऱ्याचा पंप धूत होते. "ओवाळाचं ताट मीच नेऊन देल्लं वो बाई," ते म्हणाले. "कदीरभाऊच्या हाती देल्लं अन् पलटलो. माह्या जोडीले उशीर होऊन राह्यला होता. काहून, काई झालं का?"

तिने काही नाही म्हणून सांगितलं.

सोमवारी बाप-लेक अकोल्याला गेले. मुफ्तीसाहेब वयाने तरुण होते, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तहसीनचा प्रश्न पुन्हा वाचला. ते उर्दूत बोलत होते, सावकाश.

"पूजतात, हे तुम्ही लिहिलंत?"

"आमच्याकडे बैलांचं सगळं करण्याला तेच म्हणतात."

"आम्ही कागदावरच्या शब्दाला उत्तर देतो, बेटी. तुमचं गाव मला कसं दिसणार?" त्यांनी कोरा कागद घेतला. "वेगवेगळं करू. जनावराला धुणं, चारणं, आराम देणं, यात काही गैर नाही. कोणत्याही दिवशी करा. दुसऱ्यांच्या सणाचा दिवस धरून, त्यांच्यासारखं सजवून मिरवणुकीत नेणं, याला आम्ही मुशाबहत म्हणतो. दुसऱ्या धर्माच्या रीतीची नक्कल. ते सोडावं. गुनाह आहे, पण त्याने निकाह तुटत नाही. काही आलिम यातही सवलत देतात, रिवाज आहे म्हणून. मी देत नाही. राहिलं ओवाळणं. ते इबादतीतलं, पूजेतलं काम आहे. तिथे मला सवलत देता येत नाही." ते कदीरखाँकडे वळले. "या साली कोणी ओवाळलं?"

"बैल दारात उभे होते," कदीरखाँ म्हणाले.

"हे उत्तर नाही झालं, चाचा."

"पार्वताबाई नव्हती."

"हेही नाही."

बाहेर रिक्षावाले भांडत होते. मुफ्तीसाहेब आवाज उतरवून म्हणाले, "शंका असेल तर सोपं आहे. कलमा पढा, दोन साक्षीदार बोलवा, बायकोला द्यायची थोडी मेहेर ठरवा. इथेच होईल. चहा निवायच्या आत."

"सोपं तुमाले," कदीरखाँ म्हणाले. "निका पुन्हा लावला, म्हणजे मी दगडाधोंड्याले हात जोडणारा झालो ना? सारं गाव म्हणीन. माह्या बापानं अन् आज्यानं बैल पाळले. त्यायचं काय?"

"त्यांचं मी विचारलं नाही. तुमच्या हातात ताट होतं तेव्हा काय झालं, तेवढंच विचारलं."

"ताट माह्या हातात होतं हे कोणं सांगतलं?"

तहसीनने खाली पाहिलं; खुशालराव बोलले ते तिने आधीच मदरशात कळवलं होतं. कदीरखाँनी तिच्याकडे पाहिलं आणि उठून चपला घातल्या.

परतीच्या एसटीत ते खिडकीपाशी बसले. तेल्हाऱ्याच्या अलीकडे एकदाच बोलले. "कुंकू लावलं नाई अन् बैल तसाच नेला, तर लोकं म्हणतात, मुसलमानाचा बैल आहे म्हणून बोडका आला. हे तुह्या मुफ्तीले लिहून धाडता येते का?"

"येतं. तुम्ही सांगा, मी लिहिते."

त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली.

मंगळवारी जुलेखाबींनी तहसीनकरवी निरोप दिला. ओवाळलं असेल तर निकाह लावा. नसेल ओवाळलं, तर तसं अल्लाहची कसम खाऊन सांगा, मी बाहेर येते. दोन्ही जमत नसेल तर गुरुवारी मी अकोल्याला भावाकडे जाते.

निरोप ऐकताना कदीरखाँ कडबा कापत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी विळा खाली ठेवला आणि विचारलं, गुरुवारची पहिली एसटी किती वाजताची आहे. कशासाठी, अम्मीला बसवून द्यायला की स्वतः मुफ्तीसाहेबांकडे जायला, हे तहसीनने विचारलं. त्यावर त्यांनी विळा उचलला आणि पुन्हा कडबा कापायला घेतला.