बन्सीवरचा आळ

आमच्या मालकाला, म्हणजे माज्या नवऱ्याला, एकदा संशय आला की तो काढायला देव जरी दारात आला, तरी मालक आधी त्याची झोळी तपासतील. दुष्काळ सरला त्या सालची गोष्ट. आमची जुनी मोटार वालूरहून सेलूच्या सकाळच्या रेल्वेला माणसं न्यायची. दसरा झाला अन् तिनं सकाळचं चालू व्हायचंच सोडलं. हँडल मारून मारून मालकाचे खांदे उतरायचे, अन् ऊन चढलं की बया एका हँडलात चालू. तोवर रेल्वे कवाच गेलेली.

"हे मोटारीचं दुखणं न्हाई, माणसाचं हाय," मालक म्हणाले.

माणूस म्हणजे माजा धाकटा भाऊ, बन्सीधर. तो सेलूला एका ग्यारेजात कामाला होता. दसऱ्याच्या आधी त्यानंच येऊन गाडीची करंट देणारी कॉईल बदलली होती. अन् ग्यारेजवाल्याची टॅक्सीबी आमच्याच रस्त्यानं पळायची. झालं, मालकानं सुतावरून स्वर्ग गाठला.

"चांगला माल काढून नेला त्यानं. भाऊबीजेला त्यानं माजा उंबरा चढायचा न्हाई."

मायबाप गेल्यापासून माहेर म्हणून मला तेवढा बन्सीच. म्हणलं, पुरावा काय? तर म्हणे, पुरावा असता तर चौकीत गेलो नसतो का.

मग मालक राखणीला गाडीतच निजायले, दाराला आतून दोरी बांधून. कुत्रंबी फिरकलं न्हाई. सकाळी गाडी तशीच मढ्यावानी. मला वाटलं, आता तरी पटलं असंल. कशाचं काय. "बघितलंस? त्याला यायचीबी गरज न्हाई. आधीच करून ठेवलंय," म्हणाले.

शेवटी मीच बन्सीला सांगावा धाडला. तो दुपारच्या एसटीनं आला, हँडल मारलं, गाडी चालू. मालक गालातल्या गालात हसले. "त्याचा हात लागला की चालू. आता आणखी काय दावू तुला?"

बन्सीचं तोंड एवढंसं झालं. माजं डोकंच फिरलं. "बन्स्या, आज जायचं न्हाई," म्हणलं. "शेजारी सटवाजीमामाकडं नीज. सकाळी ह्यांच्यासमोर गाडी उघड. मलाबी बघायचंय." मी बोलले ते त्याच्याचसाठी, त्याच्यावरचा आळ जावा म्हणून.

सकाळी अंधुक उजाडलं होतं. गाडीवर दव पडलेलं. बन्सीनं बॉनेट उचललं. मालक त्याच्या बोटांवर नजर ठेवून उभे.

"दाजी, हँडल तुमीच मारा. मी हात मागं बांधून उभा राहतो."

मालकांनी हँडल मारलं. इंजिनात जाड वायरी निघतात ती काळी टोपी असती, तिच्यावर निळ्या ठिणग्या मुंग्यांवानी पळायल्या.

"वायरीत जायचा करंट टोपीवरूनच पळायलाय," बन्सी म्हणाला. "वर कायतरी सांडून वाळलंय. दव पडलं की ते ओलं व्हतं. उन्हात पुन्हा वाळतं, मग गाडी चालू."

मी पुढं होऊन नखानं खरवडलं. चिकट, खवट. चुलीपुढं जन्म गेला माजा, नारळाचं पाणी मला कळणार न्हाई? खंडेनवमीला सगळं गाव चाकापुढं नारळ फोडतं. आमच्या मालकाची तऱ्हाच निराळी. गाडीचा जीव इंजिनात म्हणून बॉनेट उघडून नारळ इंजिनावरच फोडला अन् सगळं पाणी तिथंच सोडलं.

"देवाचं पाणी हाय ते," मालक पुटपुटले.

बन्सीनं पेट्रोलच्या फडक्यानं टोपी पुसली, वायरी पुसल्या. गाडी चालू झाली. मालक माणसं भरून निघून गेले. बन्सीला चहा घे, एवढंबी म्हणाले न्हाईत. मला लय लाज वाटली.

भाऊबीजेला मात्र मालकांनीच बोलावणं धाडलं. बन्सी आला, पाटावर बसला, मी ओवाळलं. मालक आग्रह करकरून करंज्या वाढायलेत. मला वाटलं, मिटलं सगळं.

निघताना बन्सी उंबऱ्यात थांबला. त्यानं हातातली पिशवी उलटी करून झटकली. सदऱ्याचे दोन्ही खिसे बाहेर ओढले.

"बघून घ्या दाजी, मग जातो."

मालकांची मान वर व्हईना. तसाच तो माज्याकडं वळला.

"अक्का," म्हणाला, "तूबी बघ."