समोरचं दुकान

"हलू नका हं," बायको म्हणाली, आणि वस्तरा धरलेला तिचा स्वतःचाच हात हलला.

तिच्या नवऱ्याला, रेडिओला, काही कळलं नाही. उजवा गाल जणू त्याचा नव्हताच. बायकोच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला पाहून त्याने मान खाली घातली, तेव्हा गळ्याशी बांधलेल्या टॉवेलवर लाल ठिपके पडलेले दिसले.

"झालं," तो म्हणाला.

त्याला म्हणायचं होतं, पुरे, ठेव तो वस्तरा, तुला जमायचं नाही. पण दवाखान्यातून घरी आल्यापासून हा एकच शब्द त्याच्या तोंडातून धड बाहेर पडत होता. पाणी हवं असलं तरी झालं, उशी वर घ्यायची असली तरी झालं. आयुष्यभर दर दाढीनंतर गिऱ्हाइकाच्या गळ्यातलं कापड झटकताना तो हेच म्हणत आला होता. बाकी सगळ्या शब्दांना आत कुलूप लागलं तेव्हा हा एकटा बाहेर राहिला असावा.

"मग काय करू?" बायको कापसाने गाल दाबत म्हणाली. "मुलीनं ते मशीन आणून दिलं, ते तुम्ही भिरकावलंत. दाढी ठेवावी म्हटलं तर आरशापुढं बसून डोळ्यांत पाणी आणता. माझ्या हाताला काय सवय आहे हो याची?"

रेडिओ हे काही त्याचं खरं नाव नव्हतं, पण खऱ्या नावाने त्याला हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. दुकानाचं दार उघडलं की हा सुरू, दाराला कुलूप लागलं की बंद. कुणाची बदली झाली, कुठल्या घरात भावाभावांचं पुन्हा जुळलं, कुणी नवी गाडी घेऊन पहिल्याच दिवशी विजेच्या खांबाला मिठी मारली, सगळं त्याच्या कानावर यायचं आणि तिखटमीठ लावून पुढच्या गिऱ्हाइकाला वाढलं जायचं. लोक केस वाढायच्या आधीच कापायला यायचे.

त्या दिवशीही त्याची गोष्ट ऐन रंगात आली होती आणि तो मध्येच थांबला. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला वाटलं, मुद्दाम ताणतोय. तो हसू तयार ठेवून आरशात बघत राहिला. मग कात्री फरशीवर पडली, आणि तिच्यामागोमाग रेडिओ.

जीव वाचला. उजवा पाय थोडाफार ऐकू लागला. उजवा हात आणि जीभ मात्र रुसून बसली. पन्नाशीला टेकलेला माणूस, काल-परवापर्यंत दिवसभर उभ्याने काम करणारा, आता खुर्चीत बसवलं की बसायचा आणि उठवलं की उठायचा.

बायको जखमेला तुरटी लावत असताना दार वाजलं. तिने उघडलं, आणि दारातच अवघडून उभी राहिली. बाहेर घुम्या होता. हातात त्याची कातडी पिशवी.

"मी करतो," घुम्या म्हणाला.

घुम्या आणि रेडिओ दोघं एकाच हाताखाली शिकले होते, रेडिओच्या वडिलांच्या. एकाच खुर्चीभोवती वाढलेली दोन पोरं. वडील गेले आणि थोड्याच दिवसांत घुम्याने रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर, स्वतःचं दुकान थाटलं. न सांगता. तो कुणालाच काही सांगत नसे, हा त्याचा स्वभाव होता. पण रेडिओच्या ते जिव्हारी लागलं. त्याने बोलणं टाकलं. घुम्याच्या बाजूने त्याने फारसा फरक पडला नाही. तेव्हापासून रेडिओ आपल्या गिऱ्हाइकांपुढे तोंडसुख घ्यायचा. "तिकडं दाढी होत नाही, शोकसभा होते," हे त्याचं आवडतं वाक्य. दुकान खदखदून हसायचं. ते हसणं उघड्या दारातून रस्ता ओलांडून जातं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि आज तोच माणूस त्याच्या घरात पाटावर पिशवी उघडून बसला होता.

"झालं, झालं," रेडिओने मान भिंतीकडे फिरवली. याचा अर्थ सांगायची गरज नव्हती.

घुम्या उठला, पण गेला नाही. पाण्याची वाटी हातात धरून उभा राहिला. त्याला घाई कधीच नसायची.

"करू द्या हो," बायको हळूच म्हणाली. "भावजी आपणहून आलेत. माझ्याकडनं उद्या गळा कापला गेला म्हणजे?"

रेडिओने बराच वेळ भिंतीकडे पाहिलं. मग मान सरळ केली.

घुम्याने साबण लावला. डाव्या हाताचा अंगठा कानाच्या खाली टेकवला, कातडी वर ताणली आणि वस्तरा असा उतरवला की आवाजसुद्धा आला नाही. रेडिओने डोळे मिटले. असा अंगठा टेकवायची पद्धत त्याच्या वडिलांची होती. त्याची स्वतःची नव्हती. बोलण्याच्या नादात त्याचा अंगठा केव्हाच भलतीकडे सरकला होता. लहानपणी वडील आंघोळीआधी त्याची मान साफ करायचे, तेव्हा त्याला हाच स्पर्श व्हायचा.

घुम्याने वस्तरा पुसला, पिशवी बंद केली आणि बायकोने विचारलेला चहा न घेताच निघून गेला. एका दिवसाआड तो येत राहिला. दुकान उघडायच्या आधी यायचा, दाढी करायचा, जायचा.

बोलण्याचा व्यायाम घ्यायला एक बाई घरी येत असत. त्यांनी बजावलं होतं, "यांच्याशी बोलत राहा. उत्तर आलं नाही तरी बोला. घर गप्प ठेवू नका." मुलगी दिवसभर नोकरीवर. आणि बायकोची पंचाईत अशी की आजवर या घरात बोलायचं काम नवराच करत आला होता. तिच्या वाट्याला 'हो का' आणि 'मग पुढं?' एवढंच यायचं. एके सकाळी तिने घुम्यालाच गाठलं.

"भावजी, दाढी करताना जरा बोलत चला ना त्यांच्याशी."

घुम्याचा हात थांबला. "काय बोलू, वहिनी?"

"काहीही. दुकानातलं, गल्लीतलं."

घुम्याने विचार केला. रेडिओचा एक गाल पूर्ण होईस्तोवर केला. मग म्हणाला, "काल वीजवाला आला होता."

रेडिओ वाट बघत राहिला. बायकोही दारात थांबली.

"गेला," घुम्या म्हणाला.

हे असं चाललं. नळ गळत होता, आता गळत नाही. एक गिऱ्हाईक आलं होतं, उद्या येतो म्हणालं. रेडिओ आतल्या आत कासावीस व्हायचा. एवढ्या सोन्यासारख्या गल्लीत राहून या माणसाला सांगण्यासारखं काही दिसू नये? पण हळूहळू त्याच्या लक्षात आलं की घुम्या सांगण्यासारखं काहीतरी हुडकू लागला आहे. "म्हटलं, तुला सांगावं म्हणून विचारून घेतलं," असं तो एकदा बोलून गेला. म्हणजे समोरच्या दुकानात घुम्या चक्क गिऱ्हाइकांना प्रश्न विचारत होता. त्यांना काय वाटलं असेल, या विचाराने रेडिओला हसू फुटलं. तोंडाची डावी बाजूच तेवढी हसली.

मग एक दिवस घुम्या खरीखुरी गोष्ट घेऊन आला. त्याचा चेहराच सांगत होता. साबण फेसाळत असतानाच त्याने सुरुवात केली.

"काल टपालवाला भिंतीवरनं पडला. लागलं नाही फार."

थोडं थांबून म्हणाला, "मालकीणबाईंनी बादलीभर पाणी ओतलं, म्हणून पडला."

पुन्हा थांबला. "त्यांना वाटलं, चोर आहे. भिंतीवर बसला होता ना."

रेडिओच्या घशातून आवाज निघाला. डावी मूठ मांडीवर आपटली.

"दुखलं का?" घुम्याने वस्तरा मागे घेतला. "बरं, तर तो बसला होता, कारण खाली कुत्रं होतं. त्याच्या मागं लागलं होतं ते."

"आधी," रेडिओ म्हणाला.

घुम्या जागच्या जागी थिजला. बायको ओल्या हातांनी आतून धावत आली.

रेडिओचा चेहरा लाल झाला होता. मानेच्या शिरा ताठल्या होत्या. विहिरीतून भरलेला हंडा वर ओढावा तसा तो एकेक शब्द ओढत होता. "आधी... कुत्रं. आधी कुत्रं... सांग."

घुम्याने वस्तरा वाटीत ठेवला, हात पुसले, आणि शाळेत धडा विचारल्यावर पोरगं उभं राहतं तसा ताठ उभा राहिला.

"बरं," तो म्हणाला. "आधी कुत्रं. तर एक कुत्रं होतं."

बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि मग तिला रडू आवरेना.

त्यानंतर शब्द येत गेले. एका वेळी एक-दोन, कधी चुकीचे. चमच्याला तो कंगवा म्हणायचा आणि मुलीला बायकोच्या नावाने हाक मारायचा. काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जायला लागला. डाव्या हाताने जेवायला, गुंड्या लावायला शिकला. उजवा हात मात्र मूठ वळून पोटाशी पडून असायचा. ती मूठ डाव्या हाताने एकेक बोट धरून उघडावी लागे, आणि सोडली की ती पुन्हा मिटे.

"बाबा, दुकानाचं ठरवायला हवं," मुलगी एकदा जेवताना म्हणाली. "किती दिवस बंद ठेवायचं?"

"एकदा... बघतो," तो म्हणाला. "मग ठरवू."

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोने दुकान उघडलं. आत धुळीचा वास कोंडला होता. तिने केर काढायला घेतला. रेडिओने खुर्चीवरचं कापड डाव्या हाताने ओढून काढलं, ब्रश धुतला, साबणाची वाटी पुसली. वस्तऱ्यात नवं पातं घालताना बराच वेळ गेला, पण बायकोने मदत करायला पुढे केलेला हात त्याने बाजूला सारला.

एवढ्यात समोरून घुम्या आला. खुर्चीत बसला, कापड स्वतःच गळ्याभोवती घेतलं आणि म्हणाला, "कर."

"डाव्या... हातानं?"

"तोही हातच आहे."

रेडिओने साबण लावला. डाव्या हाताला ते जमलं, अगदी छान जमलं. कानाच्या पाळीला फेसाचा कणही लागला नाही. घुम्याने मान मागे टाकली, गळा वर केला आणि डोळे मिटून घेतले.

रेडिओने वस्तरा उचलला. दारातून आलेलं ऊन पात्यावर पडलं आणि त्याचा कवडसा भिंतीवर उमटला. हात स्थिर आहे असं त्याला वाटत होतं, पण भिंतीवरचा उजेड थरथरत होता. तो त्या उजेडाकडे बघत राहिला. श्वास रोखून पाहिला. कोपर अंगाशी दाबून पाहिलं. उजेड थरथरतच होता.

त्याने वस्तरा मिटला.

"मला भीती नाही वाटत," घुम्या डोळे न उघडता म्हणाला.

"मला... वाटते."

रेडिओने टॉवेल ओला केला आणि घुम्याच्या चेहऱ्यावरचा साबण पुसून काढला. सावकाश, कानामागचासुद्धा. बायको कोपऱ्यात पाठमोरी उभी राहून केव्हाचीच झाडलेली जमीन पुन्हा झाडत होती.

घुम्या उठतो न उठतो तोच दारातून गॅरेजवाला मिस्त्री आत शिरला. रेडिओचं जुनं गिऱ्हाईक. "अरे वा, रेडिओ लागला वाटतं," म्हणत तो थेट खुर्चीत बसला. "कर बाबा. घरीच खरडत होतो इतके दिवस. दुसरीकडं जायला मन होईना."

रेडिओ त्याच्या मागे उभा राहिला. आरशात दोघांची नजरानजर झाली.

"समोर जा," तो म्हणाला.

"कुठं?"

"समोर. याच्याकडं." पुढचे शब्द जुळवायला त्याला वेळ लागला. मिस्त्री थांबला. "हात... चांगला आहे. त्याचा."

मिस्त्रीने एकदा घुम्याकडे, एकदा रेडिओकडे पाहिलं. "तूच म्हणायचास ना—"

"म्हणायचो," रेडिओ म्हणाला.

तिघंही रस्ता ओलांडून गेले. मिस्त्री पुढे, मागून काठी टेकत रेडिओ, आणि घुम्या त्याच्या पावलाने पाऊल टाकत. इतक्या वर्षांत रेडिओने या दुकानाचा उंबरा ओलांडला नव्हता. आत सगळं जागच्या जागी होतं. तो बाकावर बसून राहिला. मिस्त्रीची दाढी झाली, कुणी फारसं बोललं नाही, तरी मिस्त्री जाताना गालावरून हात फिरवत समाधानाने गेला.

घुम्याने खुर्ची झटकली आणि रेडिओकडे पाहिलं. "बस. आज राहिलीय तुझी."

रेडिओ बसला. मान वर केली, आणि समोरच्या आरशात त्याला त्याचं स्वतःचं दुकान दिसलं. रस्त्यापलीकडचं, सताड उघडं. पाटीवरची अक्षरं उलटी. आतली रिकामी खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला टॉवेल, दारात उभी असलेली बायको, सगळं स्पष्ट. खुर्चीत कोण बसलं, कोण हसलं, कोण कुणाकडे बोट दाखवून हसलं, इथे उभं राहून काम करणाऱ्या माणसाला दिवसभर यातलं काहीच चुकवता आलं नसतं.

घुम्याला तो काय बघतो आहे ते कळलं. त्याने पुढे होऊन दाराच्या पडद्याला हात घातला.

"ऊन येतंय," तो म्हणाला. ऊन केव्हाच पलीकडे गेलं होतं.

"राहू दे," रेडिओ म्हणाला.

घुम्याने पडदा सोडला. मग वाटीत पाणी घेतलं आणि साबण फेसायला लागला.