साडूसाठी निवडलेला स्पीकर

दातांच्या डॉक्टरांना गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या जुन्या अ‍ॅम्पचं वेड लागलं होतं, आणि ज्याला वेड लागतं त्याला श्रोताही लागतो. डॉक्टरांना श्रोत्यांची वानवा नव्हती. खुर्ची मागे कलली, दिवा तोंडावर आला, दोन्ही गालांत कापूस बसला, की डॉक्टर सुरू होत. स्पीकरचं चुंबक कसं असावं, आतला कागदी शंकू किती जाड हवा, नवा स्पीकर महिनोन्‌महिने वाजवून कसा मुरवावा लागतो. पेशंट "आँ आँ" करी. डॉक्टर ते अनुमोदन समजत.

घरी मात्र कापूस नव्हता. बायको म्हणे, "अहो, चादरींच्या कपाटात स्पीकर आहेत आणि चादरी माझ्या साड्यांवर. निदान त्यातला एखादा वाजवा तरी."

वाजवायला डॉक्टरांना सवड कुठे होती? त्यांचा स्वतःचा अ‍ॅम्प म्हणजे काचेच्या बल्बसारख्या व्हॉल्व्हचा, जुना, बॅगेएवढा, जेमतेम पाच वॅटचा. त्यात एक स्पीकर बसवायचा, एका गाण्याची सुरुवात वाजवायची, डोळे मिटायचे, नाक मुरडायचं, आणि तो उतरवून दुसरा बसवायचा. एकही गाणं कडव्यापर्यंत पोचल्याचं घरात कुणी ऐकलं नव्हतं.

अशात साडूने अ‍ॅम्प आणला.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. जागांची दलाली करायचा. मोठ्याने हसायचा, मोठ्याने शिंकायचा, सवड मिळाली की गिटारही मोठ्यानेच वाजवायचा, आणि नशीब असं की घसरला तरी गादीवर पडेल. बंद पडलेल्या एका शाळेच्या इमारतीचा सौदा करताना, रंगमंचामागे मोडक्या खुर्च्यांच्या ढिगात त्याला एक जुना भलामोठा अ‍ॅम्प दिसला. मालक म्हणाला, "घेऊन जा, तेवढीच खोली मोकळी." नेमका तोच अ‍ॅम्प, ज्याचे फोटो डॉक्टर कित्येक वर्षं जेवतानासुद्धा फोनवर पाहत होते. साडूला त्याच्याविषयी एवढंच कळलं होतं, की तो जड आहे.

"डॉक्टर, आतला स्पीकर उंदरांनी खाल्लाय," तो घरी येऊन म्हणाला. "दुकानदाराने तात्पुरता एक लावून दिला, पण नॉब दोनवर गेला की असा किंचाळतो, की शेजारी दार वाजवतात. कुठला बसवू सांगा. तुमच्याइतकं यातलं कळणारं आपल्या घरात दुसरं कोण आहे?"

हा माणूस फाइव्हस्टारमध्ये जाऊन पाणी मागणारा, आणि अ‍ॅम्प याच्या वाट्याला. ते कपाटाकडे गेले. तळाशी एक स्पीकर पडून होता, चुकून घेतलेला, चुंबक पाट्यावरवंट्याएवढं आणि आवाज आजारी माणसासारखा. कितीही जोर लावा, निम्मा आवाज हा स्वतःच गिळायचा. डॉक्टर त्याला ठोंब्या म्हणत. तोच त्यांनी उचलला, पुसला आणि साडूच्या मांडीवर ठेवला.

"हाच बसवा. सुरुवातीला मंद वाटेल. समजायला वेळ लागतो याला."

"आणि पैसे?"

"घरातल्या घरात कसले पैसे?"

स्पीकरचे ओहम अ‍ॅम्पशी जुळतात ना, हे मात्र त्यांनी दोनदा तपासलं. अ‍ॅम्प जळला असता तर नाव आपलंच आलं असतं. दुष्टाव्यातही डॉक्टर नीटनेटके होते.

साडू गेल्यावर बायको नुसतीच म्हणाली, "तुम्ही, आणि स्पीकर फुकट?"

रविवारी साडूचा फोन आला, "डॉक्टर, असाल तसे या." डॉक्टर सांत्वनाचा चेहरा करून गेले. साडूने सोफा भिंतीला लावला होता. त्याने गिटार घेतली आणि वाजवू लागला.

ठोंब्याने नेमकं नको तेवढंच गिळलं होतं. किंचाळी गेली होती. आवाज कमी येतो म्हणून साडूने नॉब बिनधास्त सातवर नेला होता, आणि सातवर गेल्यावर जुने व्हॉल्व्ह असे तापले होते, की प्रत्येक सुराला कडेने किंचित जळलेल्या साखरेची गोडी आली होती. शेजाऱ्यांचं दार बंदच. जो आवाज डॉक्टर कपाटभर स्पीकरांत शोधत होते, तो साडूच्या दिवाणखान्यात पाय पसरून बसला होता. साडूने पूर्ण गाणं वाजवलं, सगळ्या कडव्यांसकट, दोनदा चुकला, आणि चुकल्यावर हसला.

"तुम्हाला हे आधीच कळलं होतं?" त्याने विचारलं.

खरं बोलायची वेळ असलीच तर ती हीच होती.

"अंदाज होता," डॉक्टर म्हणाले.

साडूने गावभर केलं. लोक दातांचं निमित्त काढून स्पीकर विचारायला येऊ लागले. "दांडग्या अ‍ॅम्पला थंड स्पीकर," डॉक्टर सांगू लागले, आणि सांगता सांगता त्यांना स्वतःलाच पटलं, की हे आपण ठरवूनच केलं होतं. मग दांडग्याचा मुद्दा गळून पडला आणि नुसता थंड स्पीकर उरला. त्यांनी अगदी तसलाच दुसरा मागवला आणि आपल्या पाच वॅटच्या अ‍ॅम्पमध्ये बसवला.

"आधीच तो बिचारा हळू बोलतो," बायको म्हणाली. "त्याच्या तोंडावर उशी कशाला?"

"तुला नाही कळायचं ते."

पुढच्या महिन्यात सासरे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले. समारंभ दुपारी, कचेरीच्याच पत्र्याच्या हॉलमध्ये. दोन्ही जावयांनी वाजवायचं ठरलं. डॉक्टरांनी पहिला मान मागून घेतला, आणि जन्मात प्रथमच एक अख्खं गाणं बसवलं. कुणीतरी अ‍ॅम्पसमोर माइक आणून ठेवला, तो त्यांनी बाजूला करवला. "जुन्या अ‍ॅम्पचा अपमान होतो," म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले आणि वाजवायला लागले. वर पंखे घरघरत होते. लोक गप्पा मारत होते. मागच्या रांगेत डबे उघडले गेले. डॉक्टरांनी नॉब शेवटापर्यंत पिळला. एका शिपायाने वाकून प्लग नीट बसलाय का, ते पाहिलं.

"जावईबापू," सासूबाई पुढच्या रांगेतून प्रेमाने म्हणाल्या, "जुळवून झालं असेल तर सुरू करा आता."

डॉक्टर दुसऱ्या कडव्यात होते.

सासऱ्यांनी उठून पंखे बंद केले. मग ऐकू आलं, पण शेजारच्या घरात कुणीतरी वाजवत असावं तसं. तेव्हा साडूच पुढे आला. मदत करायची खोड होती त्याला. "माझ्यावर लावा, डॉक्टर," म्हणत त्याने त्यांच्या गिटारची वायर काढली आणि आपल्या अ‍ॅम्पला खुपसली.

आता हॉल भरून आवाज आला. सूर गोड, भरीव, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. आणि त्याच सुरांतून, शेवटच्या रांगेपर्यंत, हेही पोचलं की डॉक्टरांना ताल अजिबात धरता येत नाही.

लोकांनी शिस्तीत टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांनी पंखे पुन्हा सुरू केले.

परतताना गाडीत डॉक्टर म्हणाले, "तो स्पीकर मी त्यांना वाईट म्हणूनच दिला होता."

"ठाऊक आहे मला. फुकट दिलात तेव्हाच कळलं."

"ताईंना सांगू नकोस."

"ताईनेच तर त्या रात्री फोन करून मला विचारलं, 'फुकट दिला म्हणजे वाईटच ना?'"

डॉक्टरांनी गाडीचा वेग कमी केला. "आणि साडूबुवांना?"

"त्यांना सांगून काय उपयोग?" बायको म्हणाली. "ते म्हणतील, बघा, आमचे डॉक्टर जळून निवडतात तेसुद्धा किती अचूक."

साडू तंतोतंत हेच म्हणाला असता.