हलक्या बोटाचा टाइपरायटर

जुईनगरच्या फ्लॅटमधल्या डायनिंग टेबलवर मधुकररावांनी इलेक्ट्रिक टाइपरायटर उघडून ठेवल्याला तीन दिवस झाले होते. तेव्हापासून नवराबायको सोफ्यावर ताट मांडीवर घेऊन जेवत होते. परवा चारुलताबाईंचं स्वरयंत्र काढायचं होतं. त्यानंतर बोलणं बंद. "मोबाइलवर लिहून दाखवा," असं डॉक्टर म्हणाले होते. बाईंनी एक दिवस वापरून पाहिला आणि "हा माझे शब्द बदलून मलाच शिकवायला बघतो" म्हणून ठेवून दिला. त्यांनी जन्मभर टायपिंगचा क्लास चालवला होता. क्लास बंद झाला तेव्हा हे एक मशीन घरी आलं होतं.

मधुकरराव ऑफिसांमधून अशी मशीनं दुरुस्त करत निवृत्त झालेले. बिघाड त्यांना लगेच सापडला. प्रत्येक बटणाखाली स्पंजची एक चकती, तिच्या पोटाला चंदेरी वर्ख. बटण दाबलं की वर्ख खालच्या दोन तांब्याच्या रेघांवर टेकतो, वीज इकडून तिकडे जाते आणि अक्षर उमटतं. बोटाने फक्त टेकवायचं. मारायचं काम मोटरचं. खाडीच्या हवेत तीस वर्षांत त्या स्पंजचं पीठ झालं होतं.

त्यांनी सत्तेचाळीस नव्या चकत्या कापल्या, वर्ख चिकटवला, एकेक बटण अंगठ्याने दाबून पाहिलं.

"झालं! सगळी उमटतात."

चारुलताबाई ताठ बसल्या, न बघता एक ओळ मारली. कागदावर निम्मी अक्षरं गायब.

"जरा जोरात दाब की, चारू."

"जोरात दाबणाऱ्या पोरींना मी पट्टी मारलीय," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "आणि अहो, परवानंतर जोर कुठून आणू?"

मधुकररावांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मशीन त्यांनी स्वतःच्या अंगठ्याच्या मापाने दुरुस्त केलं होतं.

सगळी बटणं पुन्हा निघाली. चकतीमागे पातळ अस्तर लावलं की वर्ख रेघांच्या जवळ येतो. पहिलं अस्तर जाड झालं. बोट नुसतं ठेवलं तर कागदभर 'क' उमटत राहिला. बाई हसल्या, मग बराच वेळ खोकल्या. दुपारभर त्या डोळे मिटून एकेका बटणाला स्पर्श करत राहिल्या.

"अजून."

"आता?"

"अजून केसभर. हां. बास."

सत्तेचाळिसावं बसल्यावर मधुकरराव चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले आणि सवयीने दार लोटलं. बाहेर टाइपरायटरची टकटक सुरू झाली. ते दार उघडून आले.

"मी काय लिहिलं ते आत कळलं?" चारुलताबाईंनी विचारलं.

"ते कसं कळणार? तू बोलतेयस एवढं कळलं. तेही दाराला कान लावला म्हणून."

कागदावर 'साखर कमी' असं होतं. एकही अक्षर गळालं नव्हतं.

मधुकररावांनी गॅस बंद केला, स्क्रूड्रायव्हर उचलला आणि स्वयंपाकघराचं दार बिजागऱ्यांपासून सोडवायला घेतलं.

"आता दाराने काय केलं तुमचं?"

"काही नाही," ते पहिला स्क्रू फिरवत म्हणाले. "तू मारत राहा."