वाफ्यांची पंगत

गोदाने कुदळ अलगद रेटली, रोप उपटलं आणि ती बघतच राहिली. मुळांना मुठीएवढे पाच बटाटे लोंबत होते. संगमेश्वरच्या या नदीकाठी भात निघाल्यावर कुळथाखेरीज कुणी काही पेरलं नव्हतं. त्यात हा हळवा बटाटा, अडीच महिन्यांत काढणीला आलेला.

शेतकी खात्याच्या आत्मारामसाहेबांचा चेहरा मात्र उतरला. हे बटाटे न फवारलेल्या वाफ्यातले होते, आणि फवारलेल्या वाफ्यांतही एवढेच निघाले होते. सहापैकी तीनच वाफ्यांच्या पानांवर गोदाने युरियाचं पाणी फवारायचं, तीन तसेच ठेवायचे, असं ठरलं होतं. फरक दिसला तर पुढच्या वर्षी बियाणं आणि पंप खात्याकडून. नाहीतर बटाटा बंद. गोदाने सगळा हिवाळा पंपाचे पट्टे खांद्यावर वागवले होते. मुळाशी खत घालायचं सोडून ही पानांना आंघोळ घालते, म्हणून वाडी पोट धरून हसली होती.

“दोन्हीकडे सारखंच,” साहेब वही मिटत म्हणाले. “फवारणीचा उपयोग नाही, असंच लिहावं लागेल.”

गोदाने हातातलं रोप खाली ठेवलं.

“सायेब, त्या तीन वाफ्यांना मी थेंब दिला नाय. देवाशप्पत.”

बांधावर बसलेली तिची सासू गंगुबाई खाकरली.

“तू नाय, मी दिला.”

“आये?”

“तू पंप धुवायला नदीवर जायचीस, तवा. बादलीत तुज्यासारक्याच चार मुठी कालवायची नि माडाच्या हिरांच्या केरसुणीनं शिंपडायची. येका पंगतीत निम्म्यांना वाढायचं नि निम्म्यांना बघत बसवायचं? माजा जीव नाय झाला.”

हसावं की रडावं, साहेबांना कळेना.

“सगळीकडे शिंपडलंत?”

“कुंपनाकडच्या टोकाला नाय पोचले. गुडघं धरलं माजं.”

गोदा धावलीच. टोकाची चार रोपं तिने हातानेच उकरली. माती तीच, पाणी तेच, बियाणं तेच. बटाटे मात्र सुपारीएवढे. तिने एक लहान, एक मोठा शेजारी शेजारी धरला. पानावर पडलेलं पाणी मातीखालच्या अंधारात पोचलं तरी कसं? तिच्या अंगावर काटा आला. साहेबांनीही वही पुन्हा उघडली, ताणकाटा काढला आणि तेच वजन तीनतीनदा करून पाहिलं.

“आये, जिंकलं आपन!” गोदा ओरडली.

गंगुबाई गुडघा दाबत, हळूहळू टोकाला येऊन टेकली होती. मोठ्या बटाट्यांच्या ढिगाकडे तिने पाहिलंही नाही. लहानांतला एकेक उचलून, माती पुसून ती पदरात घेत होती.

“गुडघं माजं दुखलं,” ती त्यांना म्हणाली, “नि उपाशी तुमी ऱ्हायलात.”