सुवर्णाच्या जागी

सुवर्णाच्या वडिलांनी, पुंजाजींनी, मोबाइल टीव्हीला जोडला आणि अमडापूरच्या त्या बैठकीच्या खोलीत परदेशातलं चकचकीत मैदान उजळून निघालं. शेजारच्या जनकाबाई "आल्या, आल्या पोरी!" म्हणत पुढे सरकल्या. सुवर्णा मात्र दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, सगळा भार डाव्या पायावर देऊन.

भारतीय महिला बास्केटबॉल संघाचा पात्रता स्पर्धेतला उपांत्य सामना होता. महिन्यापूर्वीपर्यंत त्या संघात सुवर्णाचं नाव होतं. आता निळ्या जर्सीत चेंडू आपटत पुढे येत होती ती मलकापूरची पुष्पांजली.

"ही तुहीच मैतरीण नं व?" जनकाबाईंनी मान वळवली. "तुह्या जागेवर घेतली म्हणते तिले?"

"हो," सुवर्णा म्हणाली.

दोघी जिल्ह्याच्या संघापासून सोबत होत्या. सराव शिबिरातही त्यांची खोली एकच. सुवर्णाच्या गुडघ्यातला लिगामेंट अर्धा फाटल्याचं बाहेरच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा रोज पहाटे तिची पट्टी आवळून बांधायची ती पुष्पांजलीच. बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, असं ठरलं होतं. आणि स्पर्धा जवळ आली तेव्हा कोच मॅडमनी बोलावून घेतलं, नव्याने तपासणी करवली, नाव कापलं. कुणी सांगितलं, ते मॅडम बोलल्या नाहीत. बॅग भरताना सुवर्णाने दारात उभ्या पुष्पांजलीला एवढंच विचारलं होतं, "साधलं नं तुले?" पुष्पांजली खाली पाहत राहिली. एका शब्दानेही तिने ते नाकारलं नाही.

तेव्हापासून तिचे फोन वाजत आणि वाजून वाजून थांबत.

सामना शेवटच्या मिनिटांपर्यंत अटीतटीचा झाला. पुष्पांजलीने उजवीकडे जाण्याची हूल दिली, डावीकडून वळली आणि चेंडू अलगद जाळीत सोडला. ती हूल दोघींनी मिळून घोटली होती. पुंजाजींनी टाळी वाजवली, मग लेकीकडे नजर जाताच दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

संघ जिंकला. चहा झाला, माणसं पांगली, पुंजाजीही बाहेर पडले. बनाबाई वाटीत तेल कोमट करून आल्या आणि रोजच्यासारखा लेकीचा पाय मांडीवर घेऊन चोळू लागल्या. तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर पुष्पांजलीचं नाव होतं. सुवर्णाने तो पालथा घातला.

"उचल नं व."

"नाव नको घेऊ तिचं, माय. घात केला तिनं मह्या."

बनाबाईंचा हात गुडघ्यावरच थांबला. "तिनं नाई केला," त्या म्हणाल्या. "मॅडमले मीनं सांगतलं."

सुवर्णाला आधी हसूच आलं. मग तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"तुह्याजोळ कुठून आला त्यायचा नंबर?"

"तुही निवड झाली तवा त्यायनंच फोन केला होता नं घरी."

"तू शब्द देल्ला होता मले, कोणाले सांगणार नाई म्हून. बाबासाहेबांच्या फोटोसमोर देल्ला होता."

"देल्ला होता."

"मंग?"

"मोडला." बनाबाईंनी नजर खाली केली नाही. "सुटीत आली होती तू, तवा आंगणातून उठतानी दातात दुपट्टा धरला होता. कोणी पाहू नाई म्हून. मीनं पाह्यलं. तुले विचारलं असतं, त हो म्हटलं असतं का तू?"

"पाय मह्या होता, माय. खेळ बी मह्याच होता."

"हाव."

"अन् महिनाभर मी त्या पोरीले शिव्या देऊन राह्यली. तू इथंच बसून ऐकत होती. पाय चोळत होती मह्या."

सुवर्णाने पाय ओढून घेतला, फोन उचलला आणि भिंत धरत अंगणात जाऊन पुष्पांजलीला लावला.

पलीकडे पोरींचा कल्ला चालला होता. "सुवर्णे? थांब, थांब, बाहेर येतो." आवाज मागे पडला.

"तुले माहीत होतं?"

"हो. मावशीनं पह्यले मलेच फोन केला होता. तू सांग मॅडमले, म्हणे. मीनं नाई म्हटलं."

"मंग त्या दिवशी बोलली काऊन नाई? मीनं तोंडावर विचारलं होतं तुले."

"तू घरी चालली होती नं," पुष्पांजली म्हणाली. "तुटलेल्या पायानं. तिथं कोणी तरी आपलं पाह्यजे होतं तुले. मह्यावर राग धरला त धरला, म्हटलं."

म्हणजे दोघींना माहीत होतं. दोघींनी मिळून ठरवलं नव्हतं, तरी दोघींनी तिच्यासाठी ठरवलं होतं. तिला तेवढं कुणी विचारलं नव्हतं.

"उद्या फायनल हाये," पलीकडून हळू आवाज आला. "काही तरी बोल नं."

"तू आज डावीकडनं वळली नं," सुवर्णा म्हणाली, "उद्या समोरच्या पोरी वाट पाहत राहतीन तिथं. उजवीकडनंच जाय." आणि तिने फोन ठेवून दिला.

ती आत आली तेव्हा ताटं वाढून झाली होती.

"काय म्हणे पुष्पा?" बनाबाईंनी विचारलं.

"उद्या फायनल हाये म्हणे."

बनाबाईंनी टोपलीतली ऊन ऊन भाकर उचलली आणि तिच्या ताटाकडे हात नेला. सुवर्णाने ताटावर तळवा आडवा धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "घेईन मी."