संबंध ठीक आहेत

डॉक्टरांनी दौलतच्या दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा सोडला आणि विचारले, "झोप?"

"लागते."

"भूक?"

"पोळी एखादी जास्तच जाते."

"संबंध?"

"सगळ्यांशी चांगले आहेत, डॉक्टर," दौलत तत्परतेने म्हणाला. "धाकट्या भावाशीसुद्धा बोलतो आता. परवाच टिटवाळ्याला जाऊन आलो त्याच्याकडे."

डॉक्टरांच्या मिशीखाली हसू हलले. "भावाचं नाही हो विचारत. नवरा-बायकोचं."

दौलतची मान खाली गेली. शेजारच्या खुर्चीत त्याची बायको मालन पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळू लागली.

गेल्या वर्षी दौलतने कल्याणच्या खाडीत उडी टाकली आणि दगडू कोळ्याने त्याला ओढून काढले, तेव्हापासून मनाच्या आजाराच्या गोळ्या सुरू होत्या. माणूस परत आला होता. त्याचा हात तिच्या अंगावर परत आला नव्हता. आठ महिने मालन भिंतीकडे तोंड करून निजली. एकदाच तिने विचारले होते, "मी आवडत नाही का आता?" मग एका रविवारी भरदुपारी त्याने आपणहून दार लोटून घेतले. बुजलेली म्हणून सोडून दिलेल्या विहिरीत पोहरा सोडावा आणि खालून पाण्याचा आवाज यावा, तसे तिला झाले.

"ठीक आहेत," ती पुटपुटली. आणि एवढा आनंद एकटीने किती दिवस सांभाळायचा म्हणून म्हणाली, "मध्ये काहीच नव्हतं. आता तीन आठवडे झाले... पहिल्यासारखं आहे."

डॉक्टरांचे पेन थांबले. ते हसतील, असे तिला वाटले होते.

"दौलतराव, गोळ्या कधी बंद केल्यात?"



"महिना झाला."

"रोज माझ्यासमोर घेता की तुम्ही!" मालन म्हणाली.

"जिभेखाली धरायचो. मग मोरीत."

"वहिनी, या गोळ्यांनी काहींची इच्छा मालवते," डॉक्टर म्हणाले. "यांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बोलले नाहीत?"

"काय बोलणार?" दौलत तिच्याकडे न पाहता म्हणाला. "आवडत नाही का, विचारलंस. नुसत्या तोंडाने सांगितलं असतं, तर पटलं असतं तुला?"

 ज्या दिवसांना मालन बहर समजत होती, ते सगळे दिवस खाडीच्या काठाकाठाने चालत होते. आणि त्यांना तिथवर तिनेच नेले होते.

"मात्रा बदलून पाहू, नाहीतर दुसरी गोळी. वेळ लागेल," डॉक्टर म्हणाले. "पण स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. आणि गोळी घेतली की वहिनींना तोंड उघडून दाखवायचं."

खोपटच्या एसटी स्टँडवर तिने पुडी फाडली, नळावरून पेला भरून आणला. दौलतने गोळी गिळली. मग भर गर्दीत, शाळेतल्या मुलासारखे तोंड उघडून त्याने जीभ वर उचलली.

मालन पाहत राहिली. गोळी नव्हती. डावीकडे, अगदी मागे, एक दाढही नव्हती. लग्नाला बारा वर्षे झाली होती.

"ही दाढ कधी काढलीत?" तिने विचारले.